पडद्यावरचा बाण

वर्णन : पुरुष. वय छप्पन्न. हुद्दा – वरिष्ठ सुरक्षा प्रशिक्षक, प्रेस विभाग. उंची मध्यम, बांधा सडपातळ, वर्ण सावळा, केस वयाला शोभतील इतपत. ओळखीची खूण – डाव्या भुवईवर जुना व्रण. चष्मा – वाचण्यापुरता. श्रवण – समाधानकारक. दोन्ही हात – स्थिर. वर्तणूक – चांगली. सदर व्यक्तीविरुद्ध कोणतीही तक्रार प्रलंबित नाही. सदर व्यक्तीनेही आजवर कोणाविरुद्ध तक्रार केलेली नाही. ही बाब कार्यालयाला खरी वाटली नाही, म्हणून ती दोनदा तपासून पाहण्यात आली.

सदर व्यक्तीला कारखान्यात सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. हे नाव पडायला कारण झाला पाण्याचा एक ग्लास.

कारखाना पत्र्याचा होता. एका टोकाने पत्र्याच्या चादरी आत जायच्या आणि दुसऱ्या टोकाने कपाटांची दारं होऊन बाहेर पडायच्या. मधल्या प्रवासात त्यांच्यावर प्रेस नावाची यंत्रं आदळायची, आणि ही यंत्रं पत्रा आणि बोटं यांत भेदभाव करत नसत. म्हणून दर सोमवारी नव्याने भरती झालेल्यांना प्रशिक्षणाच्या खोलीत बसवत. ओळंबा काठोकाठ भरलेला ग्लास उचलायचा, हात खांद्याच्या रेषेत लांब करायचा आणि तसाच उभा राहून सगळे नियम सांगायचा. बोलून झालं की ग्लास टेबलावर ठेवायचा. टेबल कोरडं. नव्या पोरांना नियम किती कळायचे देव जाणे, पण हा माणूस थापा मारत नाही एवढं पटायचं.

नियमांतला पहिला यंत्राच्या डोळ्याचा. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक अदृश्य पडदा असतो. त्यात हात शिरला की यंत्राचा डोळा ते ओळखतो आणि यंत्र थांबतं. घाईच्या लोकांना हे थांबणं आवडत नाही, मग ते डोळ्याला टेप लावून गंडवतात. ओळंबा अशा टेप लावलेल्या एका डोळ्याचा सांगाडा खोलीभर फिरवायचा आणि तो कोणाच्या प्रेसवर सापडला आणि त्या माणसाची बोटं आता किती आहेत, ते शांतपणे सांगायचा. चौथा नियम साधा होता. हात थरथरत असेल तर त्याच दिवशी सांगायचं. लपवायचं नाही.

हा चौथा नियम त्याने स्वतः एकदा अमलात आणला होता. जुन्या कामगारांच्या उजळणी वर्गात त्याने एका वाकबगार प्रेसवाल्याच्या हातात गंमत म्हणून तो ग्लास दिला. ग्लासातल्या पाण्याला लाटा आल्या. ओळंब्याने नियमाप्रमाणे कळवलं, आणि प्रेसवाल्याला प्रेसवरून उचलून गोदामाच्या दाराशी बसवलं, आत येणाऱ्या गाड्यांना दिशा दाखवायला. थरथरत्या हाताने दाखवलेली दिशा नेमकी कुठली हे चालकांना उमगेना, तेव्हा त्याला घरी बसवलं. आता तो घराच्या पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला असतो. ओळंबा त्या रस्त्याने जात नाही. लांबच्या रस्त्याने पाय मोकळे होतात, असं तो बायकोला सांगतो.

गेल्या वर्षी कधीतरी त्याच्या उजव्या अंगठ्याने स्वतंत्र कारभार सुरू केला. आधी पेपर वाचताना. मग पेपर वाचत नसतानाही. ग्लास पहिल्यांदा सांडला तो खोलीत कोणी नव्हतं तेव्हा. त्यानंतर ओळंब्याने ग्लासाचा प्रयोगच बंद केला. काच फुटली तर कोणाला लागेल, सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही, असं त्याने कळवलं, आणि सुरक्षेच्या खात्यात सुरक्षेचं कारण दिल्यावर पुढे कोणी विचारत नाही. उरली होती ती लाकडी काठी. चित्र पडद्यावर पडलं की तो काठीचं टोक पडद्यासकट मागच्या भिंतीला टेकवून बोलायचा. भिंतीला टेकलेली काठी हलत नाही. तो काठी धरतोय असं लोकांना दिसायचं. खरं म्हणजे काठीने त्याला धरलं होतं.

अशात नव्या व्यवस्थापक मॅडम आल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड, आणि वाईट असं की खरोखरच चांगल्या.

"सर, ही काठी किती वर्षं आहे तुमच्याकडे?"

"बरीच."

"मला बघूनच धडकी भरते. शाळेत मार खाल्लाय मी हिचा."

"हिचा नाही मॅडम. हिच्या एखाद्या बहिणीचा असेल."

मॅडम मनापासून हसल्या आणि त्यांनी खणातून एक खोका काढून त्याच्यापुढे सरकवला. आत तळहाताएवढं काळं यंत्र होतं. "बिनतारी रिमोट. खाली बटणं, वर ही गुळगुळीत चौकट. तिच्यावर अंगठा फिरवायचा, की पडद्यावर बाण फिरतो. खोलीत कुठेही उभे राहा. येत्या सोमवारी मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस येताहेत, मागच्या रांगेत बसणार. बोट नेमकं कुठे अडकतं ते त्यांना बाणाने दाखवा." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "त्यांचं समाधान झालं नाही तर वरच्यांना हे प्रशिक्षण बाहेरच्या संस्थेला द्यायचंय. आणि तुम्हाला... कुठेतरी सामावून घेऊ म्हणतात. मला ते नकोय सर. म्हणून म्हणते, जरा सराव करा."

कुठेतरी म्हणजे कुठे, हे ओळंब्याला माहीत होतं. गोदामाच्या दाराशी एक खुर्ची कधीची रिकामी होती. त्याने खोका घेतला, डाव्या हाताने.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत मशिनच्या एका बाजूला न शिवलेले कपडे, दुसऱ्या बाजूला शिवलेले, आणि मध्ये ती. खोक्यातलं यंत्र जाड प्लॅस्टिकमध्ये असं बंद केलेलं होतं की त्यापुढे तिजोरी सोपी.

"ती कात्री दे."

"कापडाची कात्री आहे ती. प्लॅस्टिकला लावायची नाही. धार जाते."

"मग काय दातांनी फोडू?"

"दातांनाही धार हवीच की. थांबा, मी देते फोडून."

सोबत घडी घातलेलं माहितीपत्रक होतं. उलगडलं तर टेबल झाकलं. जगातल्या झाडून साऱ्या भाषांत एकच मजकूर छापलेला, आणि अक्षरं इतकी बारीक की कुठल्याच भाषेवर अन्याय झालेला नव्हता. त्याने दोन बारीक सेल भरले, कडेचं बटण सरकवलं. लाल दिवा लुकलुकला आणि बाकी काही झालं नाही. शेवटी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली होती. त्या लॅपटॉपची तार टीव्हीला जोडून ओळंब्याने पडदा तयार केला होता.

"बाबा, लॅपटॉपला रिसीव्हर लावला का?"

"कसला रिसीव्हर?"

"नखाएवढा असतो. त्याच्याशिवाय रिमोटचं म्हणणं लॅपटॉपला कळणार कसं?"

"खोक्यात नाही."

"सेलच्या झाकणाखाली बघा."

"तिथे सेल आहेत."

"सेल काढून बघा ना बाबा."

सेल काढले. त्यांच्या बाजूच्या खाचेत तो नखाएवढा तुकडा बसलेला होता. चिमटीत धरून लॅपटॉपच्या भोकात घालायचा एवढंच काम. ओळंब्याने तो धरला. तुकडा भोकाच्या डावीकडे टेकला, उजवीकडे टेकला, मग खाली पडून मशिनखाली गेला. बायको उठली, वाकली, तुकडा काढला आणि एका दमात बसवला. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला हे काही कठीण नव्हतं.

"आता दोन्ही बटणं एकदम दाबून धरा," मुलगी फोनवर म्हणाली. "दिवा हिरवा झाला? झालं तर मग. एका बोटाने बाण फिरतो. टिचकी मारली की उघडतं. आणि खालचं गोल बटण दाबलं की पडदा अख्खा काळा होतो."

"तो कशाला काळा करायचा?"

"लोकांनी पडद्याकडे न बघता तुमच्याकडे बघावं म्हणून."

फोन ठेवल्यावर ओळंब्याने रिमोट उजव्या हातात धरला आणि अंगठा चौकटीवर टेकवला.

टीव्हीवर बाण आला. आला तो थरथरतच. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एकसारखा, न थकता. इतके दिवस जे तळहाताच्या आत होतं, खिशात होतं, काठीच्या टोकाशी भिंतीला टेकलेलं होतं, ते आता वीतभर मोठं होऊन समोर टीव्हीवर चाललं होतं. ओळंब्याने आपला हात असा बाहेरून कधी पाहिलेला नव्हता.

"यंत्रच बिघडलेलं दिसतंय," तो म्हणाला.

"असेल," बायको म्हणाली.

"धर बरं."

तिने घेतला. अंगठा टेकवला. बाण टीव्हीच्या मधोमध आला आणि खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. क्षणभर दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा अंगठा झटझट इकडून तिकडे फिरू लागला, आणि बाण सैरावैरा पळत सुटला.

"हो हो," ती म्हणाली. "माझ्याही हातात हलतोय. बिघडलेलाच आहे."

ती उठून चहा ठेवायला गेली. कप आला तो नेहमीसारखा अर्धा. गेले कित्येक महिने ती अर्धाच कप देत होती, आणि दूध वाचवते म्हणून त्याने तिला टोमणेही मारले होते. आता त्याने कपाकडे पाहिलं. अर्धा कप सांडत नाही. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि पिऊन टाकला. बोलला असता तर तिलाही बोलावं लागलं असतं.

त्यानंतरचे दिवस ओळंब्याने बुडत्या माणसासारखे काढले. रिमोट डाव्या हातात धरला. डाव्या अंगठ्याला बाण कुठे न्यायचा तेच कळेना, तो सारखा पडद्याबाहेर जाऊन बसे. कोपर पोटाशी घट्ट धरलं. सगळं पोटच हलू लागलं. लॅपटॉपच्या आत शिरून बाणाचा वेग कमी केला, तर थरथर बारीक झाली आणि बाण मुंगीच्या चालीने चालू लागला. प्रेसच्या जबड्यापासून कामगाराच्या बोटापर्यंत पोचायला त्याला इतका वेळ लागे की तेवढ्यात खऱ्या प्रेसने दहा दारं काढली असती. शिवाय अंगठा थरथरताना चौकटीवर आपोआप टिचक्या पडायच्या आणि भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा मुलीच्या सहलीचे फोटो उघडले. प्रेसच्या चित्रावर मुलगी हसत उभी.

शेवटी त्याला सुचलं. बाण लागतोच कशाला? त्याने प्रत्येक चित्रावर आधीच ठळक तांबडे बाण काढून ठेवले. बोट इथे अडकतं, डोळा इथे असतो, पाय इथे ठेवू नये. मग रिमोटचं काम एवढंच, पुढचं चित्र आणण्याचं. ते बटणावर होतं, आणि बटण जोर लावून दाबलं की अंगठा दबून राहायचा. प्रश्न फक्त त्या चौकटीचा. अंगठा चुकून लागला की बाण उगवणार. त्याने तिच्यावर काळी टेप लावली. टेपमधूनही तिला अंगठा कळायचा. मग पुठ्ठ्याचा तुकडा कापून खाली घातला आणि वरून दोन थर टेप. काळ्यावर काळी. लांबून काही दिसत नव्हतं.

यंत्राच्या डोळ्याला टेप लावून आपण ते गंडवलं आहे, हे त्याच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर जो माणूस टेप हुडकत फिरला, त्याला स्वतःच्या हातातली दिसली नाही. जीव घशाशी आलेला असला की माणूस आपल्याच धड्याचा विद्यार्थी होत नाही.

सोमवारी खोली भरली. पुढे नवी भरती, मागच्या रांगेत तीन तपासनीस, त्यांच्या शेजारी मॅडम. ओळंब्याने सुरुवात केली आणि सगळं सुरळीत चाललं. चित्रं वेळेवर आली. तांबडे बाण जागच्या जागी. डोळ्याचा सांगाडा हातोहात फिरला. चौथा नियम त्याने आज भरभर सांगितला. मॅडम मागून मान डोलवत होत्या. ओळंब्याला वाटलं, सुटलो.

राहिला होता नेहमीचा शेवट. दर सोमवारी तो खोलीत मुद्दाम एक धोका मांडून ठेवायचा आणि नव्या लोकांना शोधायला लावायचा. नियम असा की सापडलेली चूक ज्याने केली त्याने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर दुरुस्त करायची. सबबी सांगायच्या नाहीत. आज त्याने संकटकाळच्या दारापुढे स्टूल ठेवलं होतं.

"या खोलीत काय चुकलंय?"

पुढच्या रांगेतून एक मुलगी उठली. शिरस्त्राण तिला दोन मापं मोठं होतं.

"दारापुढचं स्टूल."

"शाब्बास. बसा."

"अजून एक आहे सर. सांगू?"

"सांगा की."

"तुमच्या हातात. रिमोटवर टेप लावलीय. जिथे अंगठा कळतो तिथेच. तुम्हीच म्हणालात, यंत्राला कळतं तिथे टेप लावायची नाही."

खोलीत हशा पिकला. मागून टाळी पडली. थोरला तपासनीस शेजाऱ्याला म्हणाला, "हे आवडलं. हातातच ठेवली होती चूक." मॅडमचा चेहरा उजळला. मुलगी अजून उभीच होती.

"मग काढा ना सर. ज्याने केली त्याने, असं म्हणालात ना."

तो टेप काढू लागला. नखाला टोक सापडेना. सगळी खोली वाट बघत होती. अखेर टेप निघाली, पुठ्ठा जमिनीवर पडला, आणि अंगठा चौकटीवर टेकला.

पडद्यावर बाण आला. इथला पडदा टीव्हीएवढा नव्हता, भिंतीएवढा होता. प्रेसच्या चित्रावर, नेमका जबड्यापाशी, हातभर लांबीचा बाण थरथरू लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. कोणी हसलं नाही. ओळंब्याला त्या पायरीवर बसलेला माणूस आठवला. ओळंबा वाट बघत राहिला, की आता कोणीतरी म्हणेल, याचाच हात थरथरतोय.

"वा," थोरला तपासनीस म्हणाला.

"हा चौथा नियम," दुसरा म्हणाला. "हात थरथरला तर यंत्रापाशी काय होतं, ते मोठं करून दाखवलं. असं कोणी दाखवत नाही हो."

"आणि अगदी खरा वाटतो," तिसरा म्हणाला. "किती सराव केलात?"

"वर्षभर," ओळंबा म्हणाला.

यावर सगळे हसले, आणि टाळ्या वाजल्या. फक्त ती मुलगी शिरस्त्राण मागे सारून बाणाकडे एकटक बघत होती.

"सर," ती म्हणाली, "आता थांबवून दाखवा की."

टाळ्या विरल्या. बाण चालूच होता. ओळंब्याने सगळा जीव अंगठ्यात गोळा केला, तसा बाण आणखी वेगाने हलू लागला. मग त्याचं बोट खालच्या गोल बटणावर गेलं. पडदा काळा झाला.

"चहा आलाय बाहेर," तो म्हणाला. "स्टूल बाजूला करून जा."

दुपारी तो मॅडमच्या खोलीत गेला. न बसता म्हणाला, "मॅडम, चौथा नियम मला लागू होतो." आणि उजवा हात टेबलावर पुढे केला. मॅडम हसायला गेल्या. मग हसू तसंच अर्धवट राहिलं. टेबलावर त्यांचा पाण्याचा ग्लास होता. तो त्यांनी उचलून आपल्या बाजूला घेतला.

"अहवाल वर गेलाय सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यात प्रात्यक्षिक असं लिहिलंय. प्रशिक्षण आपल्याकडेच राहतंय. दर सोमवारी हे प्रात्यक्षिक व्हावं, अशी त्यांची अटच आहे."

"पण हे—"

"सर. प्रात्यक्षिक आहे. मी तेवढंच वाचलंय." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही यंत्रापाशी जात नाही. खोलीत उभे राहता. खोलीत कोणाचं बोट जात नाही."

त्याने हात मागे घेतला. कबूल करायला आलेल्या माणसाला परत पाठवण्याची ही रीत नियमांत कुठे लिहिलेली नव्हती.

घरी बायकोने मशिन थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नोकरी राहिली."

"राहिली."

"दर सोमवारी सगळ्यांसमोर हात हलवून दाखवायचा."

"हो."

"आणि एखाद्या सोमवारी नाही हलला तर?"

तो हसला. त्या वर्षात पहिल्यांदाच. पण हसणं लवकर संपलं, कारण मग ती म्हणाली, "आणि त्या प्रेसवाल्याला काय सांगाल?" ती चहा ठेवायला उठली. "आज पूर्ण भर," तो म्हणाला. तिने पूर्ण भरला. निम्मा बशीत गेला. बशीतला तिने आपल्या कपात ओतून घेतला.

पुढच्या सोमवारी त्याने रिमोट हातात घेतला, अंगठा टेकवला आणि चौथा नियम सांगितला. लपवायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. भिंतीभर बाण थरथरत होता. नव्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी तोवर प्रेसवर रुजू झाली होती. दारावरून जाताना ती क्षणभर थांबायची, आत डोकावायची आणि पुढे जायची.

त्यानंतर कार्यालयाने सदर व्यक्तीचं वर्णन अद्ययावत केलं. हुद्दा – तोच. श्रवण – समाधानकारक. दोन्ही हात – स्थिर. विशेष कौशल्य – थरथरत्या हाताचा हुबेहूब अभिनय. अन्य विभागांनीही लाभ घ्यावा. तक्रार – प्रलंबित नाही.

सकाळी त्याच्या शर्टाची बटणं बायको लावते.